जुन्या वळणाची सायकल कच्च्या रस्त्यावर न्यायचीय? आधी ब्रेकचं बघा

बाबांची काळी २८ इंची सायकल मी नीट करून घेतली तेव्हा रंग, सीट, घंटी, डायनामो सगळं केलं आणि ब्रेकला हातच लावला नाही, कारण घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर ते बरे लागत होते. मग जुलैमध्ये पवना धरणाच्या मागच्या बाजूला एका मुरमाच्या उतारावर ती घातली, वरून रिमझिम चालू, आणि खाली वळणावर म्हशी आडव्या आल्या. दोन्ही लिव्हर मुठीत गच्च आवळले, रॉड (जुन्या सायकलीत केबलऐवजी ब्रेक ओढणाऱ्या लोखंडी दांड्या) खडखडले, पुढची रबरं रिमला टेकलेली मला वरून दिसत होती, पण सायकल आपली तशीच पुढे. चाकाचे तीन-चार फेरे झाले तेव्हा कुठे पकड यायला लागली, आणि २८ इंची चाकाचे तीन-चार फेरे म्हणजे सात-आठ मीटर, तोवर मी बांधावरून भाताच्या खाचरात. खाली चिखल होता म्हणून हाडं शाबूत राहिली.

त्यानंतर मी त्या सायकलीचे आणि पुढे मित्रांच्या आणखी दोन सायकलींचे ब्रेक बदलले, काही चुकले, काही जमले. हल्ली बरेच जण आजोबांची सायकल माळ्यावरून काढतायत किंवा नवीनच पण जुन्या वळणाची सायकल घेतायत आणि सरळ टेकडीवर, घाटात, कोकणातल्या जांभ्याच्या वाटांवर नेतायत, छान वाटतं बघून, म्हणूनच नीट सगळं लिहितोय.

पहिली गोष्ट, दुकानात जायच्या आधी सायकलीशेजारी खाली बसा आणि रिम बघा, चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा फोर्क) बघा. आपल्याला वाटतं ब्रेक आपण निवडतो, पण अर्धी निवड रिमने आणि चिमट्याने आधीच केलेली असते. रिमच्या बाजूची कड सपाट आहे का गोल? गोल असेल आणि रबरं आतून, म्हणजे हबच्या (चाकाच्या मध्याच्या) बाजूने वर दाबली जात असतील तर ती रॉड ब्रेकची रिम, तिला बाजूने चिमटीत धरणारा कुठलाच ब्रेक चालत नाही, त्याला धरायला सपाट पट्टीच नाहीये. मग लोहचुंबक लावा. चिकटला तर रिम लोखंडी. चिमट्याच्या डोक्याला आरपार भोक आहे का बघा, चिमट्याच्या दोन्ही पायांवर ब्रेकचे हात अडकवायचे खुंट आहेत का बघा, डाव्या पायाला खाली डिस्क ब्रेक बसवायचा कान आहे का बघा. टायरवरचा आकडाही लिहून घ्या, आपल्या २८ x १½ चं खरं माप ६३५ मिलिमीटर असतं आणि ७०० सी म्हणून जी मिळते ती ६२२, दोघांनाही लोक २८ इंची म्हणतात आणि तिथेच चुकीची खरेदी होते.

लोखंडी रिमबद्दल जरा जास्त बोलतो कारण माझ्या पडण्याचं मूळ तेच. क्रोम केलेली लोखंडी रिम कोरडी असताना ठीक पकडते, ओली झाली की पाण्याचा पातळ थर त्या गुळगुळीत क्रोमवर बसतो आणि रबर त्याच्यावरून घसरत राहतं, आधी रबराने पाणी पुसायचं आणि मग पकडायचं, त्यात ते तीन-चार फेरे जातात. तुम्ही कितीही महाग ब्रेक लावा, कितीही जोरात दाबा, रिम तीच असेल तर पावसाळ्यात हेच होणार. त्यामुळे रिमवर लागणारा ब्रेक ठेवायचा असेल तर पहिला खर्च ॲल्युमिनियमच्या रिमचा करा, ब्रेकचा नंतर. माझ्या मते यावर वाद घालण्यासारखं काही नाहीये.

आता रॉड ब्रेक काढायचाच का? सपाट रस्त्याला, गावातल्या गावात, कालव्याच्या कडेने फिरायला असेल तर राहू दे, तो त्या सायकलीचा जीव आहे आणि एक मोठा गुण त्याच्यात आहे, चाक थोडं आऊट असलं तरी तो लागतो, कारण तो बाजूने धरतच नाही. पण मग त्याची सेवा करायला हवी. लिव्हरपासून रबरापर्यंत जेवढे सांधे आहेत तेवढ्या ठिकाणी ढिलाई असते, मागच्या ब्रेकला तर रॉड हँडलखालून निघून फ्रेमच्या खालच्या नळीने पायडलच्या बॉटमपर्यंत येतो, तिथून मागे जातो, मध्ये दोन ठिकाणी कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यात अर्धा-एक मिलिमीटर खेळ असला की तुमच्या मुठीतला निम्मा जोर तिथेच संपतो. सगळे नट काढून, पुसून, तेलाचा एकेक थेंब देऊन परत आवळा. चिमट्यावर ज्या छोट्या क्लिपांमधून ब्रेकची कमान वर-खाली होते त्या जागेवर आणि घट्ट आहेत ना हे बघाच, त्या नसतील तर कमान डुलत जाऊन स्पोकमध्ये अडकू शकते आणि मग चाक जागच्या जागी थांबतं, तुम्ही थांबत नाही. रबर आणि रिममध्ये २-३ मिलिमीटर अंतर पुरे.

आणि एक बारीकशी गोष्ट, जी मला एका वयस्कर मिस्त्रीकाकांनी हात धरून दाखवली. रबर ज्या पत्र्याच्या बुटात बसतं त्याचं एक टोक बंद असतं, एक उघडं. बंद टोक चाक ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला हवं. उलटं लावलं तर जोरात ब्रेक मारल्यावर चाक ते रबर बुटातून ओढून बाहेर काढतं आणि नुसता पत्रा रिमवर घासत राहतो. काकांनी एका गिऱ्हाइकाची सायकल उभी केली होती, रबर निम्मं बाहेर सरकलेलं, त्यांनी अंगठ्याने ते आत ढकललं आणि बोट काढल्याबरोबर ते परत बाहेर आलं. त्या दिवसापासून मी कुणाचीही सायकल हातात घेतली की पहिलं ते टोक बघतो.

डोंगर उतरायचा असेल तर मात्र रॉड ब्रेकवर भरोसा ठेवू नका.

इथे जुन्या सायकली डोंगरात नेणाऱ्यांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळ, १९७० च्या दशकात काही पोरं १९३०-४० च्या जुन्या जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. त्यांच्या मागच्या हबमध्येच कोस्टर ब्रेक असायचा, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एक उतार असा होता की साधारण ३ किलोमीटरात ४०० मीटर खाली, आणि तेवढ्यात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा, खाली पोचल्यावर हब उघडून परत ग्रीस भरायला लागायचं, म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली आणि माउंटन बाईकच्या इतिहासात ती जागा कायमची लिहिली गेली. पुढे त्या मंडळींनीच त्या सायकलींना ड्रम ब्रेक लावले आणि हँडलला मोटरसायकलचे लिव्हर बसवले.

हे सांगायचं कारण उष्णता. ब्रेक म्हणजे शेवटी उंचीची उष्णता करणारं यंत्र. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा, ४०० मीटर खाली आलात तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात साधारण एक लिटर पाणी उकळेल. काही भाग वारा आणि टायर खातात, पण कच्च्या रस्त्यावर आपण वेग वाढू देत नाही त्यामुळे बराचसा भाग ब्रेकमध्येच जातो. मागच्या हबमध्ये एवढ्याशा जागेत तो सगळा भरला तर ग्रीस जळणारच. शिवाय उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं, त्यामुळे फक्त मागचा ब्रेक असेल तर चाक लॉक होऊन घसरत जातं, सायकल थांबत नाही. कोस्टर ब्रेकचं आणखी एक, चेन पडली की ब्रेक गेला. तुमच्या नव्या क्रूझर सायकलीला फक्त कोस्टर असेल तर डोंगरात न्यायच्या आधी पुढे काहीतरी बसवाच, मागचा कोस्टर राहू दे, चिखलात तो अजिबात कुरकुर करत नाही.

मग पुढे काय बसवायचं? माझी पसंती विचाराल तर जुन्या खऱ्या सायकलीला ड्रम. हबच्या आत डबा, डब्यात दोन शू, केबल ओढली की ते आतून फाकतात, स्कूटरसारखंच. पाऊस, चिखल, शेण, रिमवर काही असू दे, त्याला फरक पडत नाही. रिम लोखंडी असली तरी चालते, चाक आऊट असलं तरी चालतं, आणि जुन्या सायकलीवर तो दिसायलाही शोभतो, हॉलंडमध्ये रोजच्या वापराच्या सायकलींना वर्षानुवर्षं तेच असतात. स्टर्मी आर्चरचे ७० आणि ९० मिलिमीटरचे ड्रम हब मिळतात, कंपनी मूळची इंग्लंडची, २००० सालापासून तैवानच्या सनरेसकडे आहे. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही, मागवावा लागतो आणि मागवायच्या आधी तीन गोष्टी मोजा. एक म्हणजे रिमची भोकं, जुन्या इंग्रजी पद्धतीत पुढे ३२ आणि मागे ४० असायची आणि आपल्या जुन्या सायकलीत अजून तीच सापडतात, हबची भोकं तेवढीच पाहिजेत नाहीतर रिमसुद्धा बदलायची तयारी ठेवा. दुसरं चिमट्याच्या दोन पायांमधलं आतलं अंतर, जुने चिमटे अरुंद असतात. तिसरं एक्सलची जाडी आणि चिमट्याची खाच, एक्सल खाचेत बसत नसेल तर चिमटा कानशीने घासत बसू नका, तिथला पत्रा कमी करणं धोक्याचं, दुसरा चिमटा शोधा.

ड्रमला एक लोखंडी हात असतो, तो चिमट्याच्या पायाला क्लिपने बांधायचा असतो. ब्रेक लागला की हबची सगळी पिळण्याची ताकद त्या हातातून चिमट्यावर येते. ही क्लिप ढिली राहिली तर हात सुटून फिरेल आणि केबल खेचून तोडेल, म्हणून तिथे नायलॉनचा लॉक नट लावा आणि चिमटा त्या जागी गंजलेला आहे का ते रंग खरवडून बघा. माझ्या सायकलीच्या चिमट्याला नेमकं तिथेच रंगाखाली बुडबुडा आलेला होता, टोकरलं तर आत तपकिरी भुकटी, पत्रा टाचणीने टोचला जाईल एवढा पातळ झालेला. जुन्या बाजारात दुसरा चिमटा शोधायला मला दीड महिना गेला पण तो घालवला हे बरंच झालं. आणि चाक विणताना स्पोक सरळ हबपासून रिमपर्यंत नकोत, एकमेकांना छेद देऊन तिरपे जायला हवेत, कारण ड्रममध्ये ब्रेकचा सगळा जोर स्पोकमधूनच जातो, चांगल्या मिस्त्रीला हे सांगावं लागत नाही पण तुम्ही बघून घ्या.

नवा ड्रम पहिल्या दिवशी मऊ लागतो, घाबरू नका. शू आणि डब्याची घासाघीस होऊन एकमेकांत बसायला थोडे दिवस लागतात, सपाट रस्त्यावर मध्यम वेगात वीस-पंचवीस वेळा थांबून घ्या, मग डोंगर.

एवढं करायचं नसेल तर दुसरा चांगला रस्ता म्हणजे ॲल्युमिनियमची ७०० सी रिम आणि लांब हातांचा डबल पिव्हट कॅलिपर, म्हणजे चिमट्याच्या डोक्याला बसून रिमला दोन्ही बाजूंनी धरणारा, दोन ठिकाणी फिरणारा ब्रेक. ६३५ वरून ६२२ वर आलं की रिमची कड साडेसहा मिलिमीटर खाली जाते, म्हणून ब्रेकचे हात लांब लागतात. चिमट्याच्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या ब्रेकपट्टीच्या मध्यापर्यंत सरळ खाली मोजा. रेसिंग सायकलचे कॅलिपर ५० च्या आसपास संपतात, टेकट्रोचा आर ५५९ हा ५५ ते ७३ मिलिमीटरपर्यंत पोचतो आणि बहुतेक जुन्या फ्रेमचं काम त्यात होतं. हात जेवढे लांब तेवढा जोर कमी आणि लवचिकपणा जास्त हे खरंय, त्यामुळे जुन्या पद्धतीचा एका बोल्टवर फिरणारा पातळ पत्र्याचा लांब कॅलिपर घेऊ नका, तो दाबला की स्वतःच वाकतो. चिमट्याला भोक नसेल तर ड्रिल मारून घेण्याआधी मिस्त्रीला डोकं भरीव आहे का पोकळ ते विचारा, पोकळ असेल तर बोल्ट आवळल्यावर चेपतं. मडगार्ड आणि जाड टायर दोन्ही मावतंय का तेही आधीच बघा.

नवीन बनवलेली पण जुन्या वळणाची सायकल असेल तर प्रश्न बराच सोपा. खुंट असतील तर व्ही ब्रेक, म्हणजे खुंटांवर उभे राहून रिमला बाजूंनी दाबणारे दोन लांब हात, लावा आणि मोकळे व्हा. शिमानोने १९९६ मध्ये बाजारात आणल्यापासून स्वस्तात एवढा जोर देणारा दुसरा रिम ब्रेक आलेला नाही आणि त्याची रबरं तालुक्याच्या गावातही मिळतात. खुंटांवरच बसणारा पण आखूड हातांचा कँटिलिव्हर दिसायला जास्त देखणा, चिखलाला जागा जास्त सोडतो, पण त्याची मधली केबल किती उंच-खाली ठेवायची यावर सगळा जोर अवलंबून आणि ते जमेपर्यंत डोकं उठतं. मी एका मित्राच्या सायकलीला हौसेने कँटिलिव्हर बसवला, दोन महिन्यांनी आम्हीच तो काढून व्ही लावला.

इथे एक मोठी चूक होते. व्ही ब्रेकला केबल जास्त ओढणारा लिव्हर लागतो. कॅलिपर, कँटिलिव्हर आणि बऱ्याच ड्रमना कमी ओढणारा. जुना छान पितळी दिसणारा लिव्हर ठेवायचाय म्हणून व्ही ब्रेकला कमी ओढीचा लावला तर लिव्हर हँडलला टेकतो आणि रबरं धड पोचत नाहीत, पोचली तर एकदम झटका देऊन धरतात. उलटं केलं, कँटिलिव्हरला व्हीचा लिव्हर, तर हाताला दगडासारखं कडक लागतं, वाटतं काय मस्त ब्रेक आहे, आणि सायकल थांबत नाही. हे दुसरं जास्त फसवं. लिव्हर घेताना कुठल्या ब्रेकचा आहे हे विचारूनच घ्या, दिसण्यावर जाऊ नका.

डिस्क, म्हणजे हबला बसवलेली तबकडी धरणारा ब्रेक? फ्रेम आणि चिमटा त्यासाठीच बनवलेले असतील तर जरूर, कोकणात पावसाळ्यात त्याच्यासारखं सुख नाही. पण जुन्या चिमट्याला डिस्कचा कान वेल्डिंग करून घेऊ नका, कृपा करून. डिस्क चिमट्याच्या एकाच पायाला, तेही अगदी खालच्या निमुळत्या टोकाला पिळते, जुना चिमटा तिथे सगळ्यात बारीक असतो, त्यात वेल्डिंगच्या आचेने पोलाद कमजोर झालेलं. तुटला तर तो उतारावर, ब्रेक दाबलेला असतानाच तुटणार. नव्या सायकलीला डिस्क घेताना मी केबलवाली घेईन, गावाकडे केबल कुठेही बदलून मिळते, ऑइलवर चालणाऱ्या डिस्कचं काम होईलच असं नाही. आणि सायकल एसटीच्या टपावर टाकताना डिस्कची बाजू वर ठेवा, रोटर, म्हणजे ती तबकडी, जरासा वाकला तरी घासत राहतो.

रिम ब्रेक ठेवणाऱ्यांनी रबर चांगलं घ्यावं. कूल स्टॉपची ती तांबूस केशरी रबरं ओल्यात खरंच बरी धरतात. मुरमाच्या रस्त्यावरून आलं की रबरं काढून उजेडात धरा, बारीक खडे आणि ॲल्युमिनियमचे चकचकीत कण रुतलेले दिसतील, टाचणीने उकरून काढा, नाहीतर तेच कण रिमला कानशीसारखे खातात, कर्रर्र असा आवाज येतो तो त्याचाच. रबर बसवताना पुढचं टोक आधी टेकेल असं किंचित तिरकं, मागच्या टोकाखाली जुनं पोस्टकार्ड धरून आवळलं की बरोबर बसतं, किंचाळणं थांबतं. रबर टायरला लागता कामा नये, एका संध्याकाळीत टायर फाडतं. रिमवर तेल, पॉलिश काहीही मारू नका, चमकायला हवी म्हणून हे करणारे लोक मी पाहिलेत.

आता सगळं बसवल्यावर सरळ डोंगरावर जाऊ नका. मोकळ्या मैदानात खडूने रेघ मारा, रोजच्या वेगाने या, रेघेवर ब्रेक दाबा, किती पावलांत थांबलात ते मोजा. मग बाटलीतलं पाणी दोन्ही चाकांच्या रिमवर ओता आणि परत तेच करा. दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट झाला तर पावसात ती सायकल उतारावर नेऊ नका, आणखी काम बाकी आहे. माझ्या सायकलीवर रॉड ब्रेक होता तेव्हा कोरड्यात पाच पावलं आणि ओल्यात चौदा आली होती, हे मी पडल्यानंतर मोजलं, आधी मोजायला हवं होतं. ड्रम बसवल्यावर दोन्ही वेळा पाच.

लिव्हर पूर्ण दाबला तरी हँडल आणि लिव्हरमध्ये दोन बोटं आडवी मावली पाहिजेत, नाहीतर केबल ओढून घ्या. नवी केबल पहिल्या ५० किलोमीटरात सैल पडतेच, तेव्हा पहिल्या मोठ्या फेरीनंतर पाना घेऊन बसा, केबलचा नट, ड्रमच्या हाताची क्लिप आणि चाकाचे दोन्ही नट परत आवळा, आणि पिशवीत पुढच्या ब्रेकची एक केबल कायम गुंडाळून ठेवा.